बर्फातलं विमान आणि उजवा हात

विमानाच्या दोन पंखांमध्ये बावीस तारा होत्या. नऊ बसवून झाल्या आणि दहाव्या तारेला माझा हात थरथरला.

मी परभणीत भूमापनाच्या कार्यालयात सव्वीस वर्षं नोकरी करतो. शेतं मोजायची आणि त्यांचे नकाशे काढायचे, हे काम. पहिली तेरा वर्षं नकाशे हातानं काढले. टोकदार पेन, काळी शाई, आणि एक रेघ चुकली तर ती पात्यानं खरवडून पुन्हा काढायची. आता यंत्र उभं करतो, नकाशा संगणकातून निघतो. माझी तक्रार नाही, काम जास्त अचूक झालंय. पण हाताला जे येत होतं ते कुठं वापरावं हे कळेना.

माझी मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिनं गेल्या वाढदिवसाला एक डबा पाठवला. नव्वदेक वर्षांपूर्वीचं, एकावर एक दोन पंखांचं विमान, प्लास्टिकच्या चौऱ्याहत्तर तुकड्यांत. ते आपण जोडायचं आणि रंगवायचं. डब्यावरच्या चित्रात ते विमान बर्फानं भरलेल्या मैदानात उभं होतं आणि कोपऱ्यात लिहिलं होतं, एकास बहात्तर. म्हणजे खऱ्या विमानाचे बहात्तर सेंटिमीटर तिथं माझ्याकडं एक सेंटिमीटर. आमच्याकडं एकास पाचशे, एकास हजार असतं. बहात्तर हा आकडा मला नवा होता, आणि खरं सांगायचं तर त्या आकड्यानंच मला ओढलं. पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी मोजली, एकशेवीस मिलिमीटर. खरं विमान आठ मीटर चौसष्ट सेंटिमीटर. मी अंगणात तेवढं अंतर टेप लावून मोजलं आणि दोन्ही टोकांना विटा ठेवल्या. बायको दारात उभी राहून बघत होती.

"काय मोजायलाव? भाऊबंदाची वाटणी हाय का?"

"विमान किती मोठं होतं ते बघायलो."

"बघा बघा. न्हाईतर दाराच्या आत यायचं न्हाई."

मागच्या खोलीत दादांचं कापड कापायचं टेबल होतं, त्यावर मी काम मांडलं. दादा म्हणजे माझे वडील. गंगाखेडला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. ते गेल्यावर आई आमच्याकडं राहायला आली आणि तिच्याबरोबर ते टेबल आलं. सागवानी, साडेसहा फूट लांब, एका कडेला पितळी पट्टी ठोकलेली आणि त्यावर इंचाच्या खुणा.

नुसतं विमान सोपं होतं. अवघड होता तो बर्फ. मी बर्फ पाहिलेला नाही. गारा पाहिल्यात, गोळेवाल्याचा किसलेला पाहिलाय. दोन फूट बाय दीड फुटाच्या फळीवर बर्फाचं मैदान करायचं तर आधी मी कापूस पिंजून पसरला, कारण मानवतच्या एका नातेवाइकाकडून चांगला पांढरा कापूस आला होता. आईनं जाता जाता बघितलं आणि म्हणाली, "कापूस लय फुटला औंदा." ती खरंच ते कपाशीचं रान समजली. मला पटलं. तो कापूसच दिसत होता. तो काढून टाकला.

मग प्लास्टर कालवून फळीवर ओतलं, वाळल्यावर सँडपेपरनं घासून उंचसखल केलं, त्यावर पांढरा गोंद लावला आणि मलमलीतून चाळलेली पांढरी रांगोळी वरून सोडली. हे जमलं. पण त्यासाठी पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद ठेवावी लागे, नाहीतर बर्फ उडून भिंतीवर जाई. माघात ते चाललं. फाल्गुनात खोली तापू लागली. चैत्रात मी बनियनवर बसून, गळ्यात टॉवेल टाकून, बर्फ घासत होतो. त्या भुकटीनं मला खोकला लागला आणि छातीतून शिट्टी वाजायला लागली. दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं तेव्हा एका डॉक्टरांनी गोळी दिली होती. चिठ्ठी माझ्या फायलीत होती. ती दाखवून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि सकाळी चहानंतर एक, संध्याकाळी एक घेऊ लागलो. शिट्टी थांबली. मी घासणं चालू ठेवलं.

तारांसाठी बायकोचे केस घेतले. खरी तार पाच मिलिमीटर जाड असं धरलं तर बहात्तराव्या भागाला ती शून्य पॉइंट शून्य सातच्या आसपास येते आणि माणसाचा केस तेवढाच असतो. दादांच्या डब्यातला बारीकातला बारीक दोराही त्याच्यापुढं दोरखंड दिसला. बायको गळालेले केस गुंडाळून पिशवीत साठवते, केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत येते तिच्यासाठी.

"त्या बाईला मी काय सांगू? केस इमानाला लागले मनून?"

"बावीसच पाहिजेत."

"मोजून घ्या. जास्त नेऊ नगा. मला मोठी वाटी घ्यायची हाय."

तर नऊ केस बसले. दहावा चिमट्यात धरून वरच्या पंखाच्या छिद्राशी नेला आणि त्याचं टोक छिद्राभोवती फिरू लागलं. मी हात टेकवला. कोपर टेकवलं. श्वास धरला. टोक फिरतच होतं. मी केस खाली ठेवला, म्हटलं आज राहू दे, शेपटीवरची लाल पट्टी रंगवू. ब्रश उचलला. ब्रशाच्या टोकावरून रंगाचा एक थेंब झटकला जाऊन बर्फावर पडला. पांढऱ्यावर कुंकवासारखा लाल. मी त्या थेंबाकडं किती वेळ बघत बसलो ते मोजलं नाही.

दादांना कंपवात होता. तो सुरू झाला तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. तो थेंब पडला त्या दिवशी मला एक्कावन्न पूर्ण होऊन सात महिने झाले होते.

दादांचा उजवा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहायची, सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक पिळावं तशी. सुरुवातीला आम्हाला ती सवयच वाटली, शिंप्याच्या हाताची सवय. मग पायही घसटू लागले. पुढं पुढं ते दारातच अडकून उभे राहायचे, उंबरठा ओलांडता यायचा नाही, आणि आई पुढं होऊन जमिनीवर काठी आडवी टाकायची, म्हणजे ती ओलांडायला त्यांचा पाय उचलला जायचा. नऊ वर्षं. गावातल्या निम्म्या सदऱ्यांना ज्यांनी गुंड्या लावल्या त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या रोज सकाळी आई लावायची. खालून वर. वरची एक ते नेहमी उघडी ठेवायला सांगायचे, ती मात्र शेवटपर्यंत त्यांनी स्वतः ठरवली.

आई आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. त्या लाल थेंबाकडं बघताना माझ्या मनात माझा विचार नंतर आला. पहिला विचार हा आला की आईला हे दुसऱ्यांदा बघायला लागता कामा नये. आणि गेल्याच वर्षी तिचा मोतीबिंदू काढला होता. तिला आता सगळं दिसत होतं.

मी कुणाला काही बोललो नाही. मोजायला लागलो, कारण भीती वाटली की मला दुसरं काही येत नाही. कोऱ्या कागदावर दोन समांतर रेघा, मध्ये एक मिलिमीटर फट, लांबी शंभर मिलिमीटर. त्या फटीतून पेनानं तिसरी रेघ न्यायची, काठांना न लागता. नवीन मुलं कार्यालयात यायची तेव्हा हीच परीक्षा आम्ही घेत असू. दहा रेघा काढायच्या आणि किती वेळा काठाला लागलं ते वहीत लिहायचं. दर रविवारी सकाळी दहाला, चहा आणि गोळी झाल्यावर, टेबलाशी बसून. पहिल्या रविवारी सात वेळा लागलं. पुढच्या रविवारी अकरा. मग सोळा. मग एकोणीस. ज्या हातानं तेरा वर्षं बांधांच्या रेघा ओढल्या त्या हाताचा हा हिशेब होता, आणि तो वर वर जात होता.

बाकीचा आठवडा मी हात लपवत असे. कार्यालयात चहाचा कप टेबलावरच ठेवून, मान खाली घालून प्यायचो. सही करताना डाव्या हातानं उजवं मनगट धरायचो, जणू घड्याळ चाचपतोय. घरी आईसमोर जेवायला बसायचं टाळलं. वरण वाढून घेताना वाटी हलायची म्हणून भाकरी आणि कोरडी भाजी घेऊन "मला घाई हाय" म्हणत उभ्यानं खायचो. बायको म्हणाली, "उभ्यानं खाल्लं की अंगाला लागत न्हाई." आई माझी वरणाची वाटी झाकून ठेवायची. ते मला जास्त जड गेलं.

एके दुपारी शेजारचे फौजी आले. सैन्यातून निवृत्त झालेले, सहा हिवाळे काश्मीरच्या डोंगरात काढलेले. मीच त्यांना बोलावलं होतं, कारण वैमानिक विमानातून उतरून चालत गेल्याची पावलं मी बर्फात उमटवली होती आणि ती बरोबर आहेत का ते विचारायचं होतं. एक पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटर, म्हणजे दहा पॉइंट चार मिलिमीटर. अशी चौदा पावलं. प्रत्येक पावलाच्या कडेला मी थोडा चिखलासारखा उंचवटा केला होता.

फौजी फळीवर वाकले आणि हसायला लागले. बाहेर ऊन त्रेचाळीसच्या वर होतं आणि त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या बर्फावर पडायच्या बेतात होता.

"साहेब, हे तर आपल्या काळ्या रानातले पाय हायत. पाऊस पडल्यावरचे. कडंनं माती वर आलीया. बर्फात माती वर येत न्हाई, पाय आत जातो सरळ. भोक पडतं. अन् एवढा लांब पाय टाकतो कोण? गुडघ्याएवढ्या बर्फात? अर्धा मीटर टाका, लय झालं."

मी ऐकत होतो आणि चिमट्यानं एक पाऊल बुजवायला गेलो. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं.

"हात कामून कापायलाय? बर्फाची थंडी लागली का काय?"

ते पुन्हा हसले. मीही हसलो. ते गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि जमिनीवर बसलो. म्हणजे हे आता बाहेरच्या माणसाला दिसत होतं.

विमान मी तिथंच सोडून दिलं असतं. पण सोडलं तर बायको विचारणार, मुलगी फोनवर विचारणार, आणि उत्तर द्यावं लागणार. शिवाय एक हट्ट होता. बावीस तारा बसल्या तर मला काही झालेलं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुठल्या नियमानं ते विचारू नका. मी आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे, नवसावर नाही, पण तो नवसच होता. तीन रविवारांत मी दहावी, अकरावी आणि बारावी तार बसवली. बारावीला एक तास दहा मिनिटं लागली.

तेव्हा लक्षात आलं की काळा केस तारेसारखा दिसत नाही. तार पोलादी असते, उजेडात पांढुरकी चमकते. बारा केस रेघा मारल्यासारखे दिसत होते. घरात पांढरे केस फक्त आईचे होते. दोन दिवस मी ते टाळलं, आणि तिसऱ्या दिवशी ती अंगणात फणी करत होती तेव्हा, तिच्याकडं न बघता, विचारलं.

"आई, तुझे फणीतले केस मला दे. थोडे. विमानाला."

"पांढरे?"

"पांढरेच पाहिजेत."

"घे. या वयात माझ्या केसाला गिऱ्हाईक मिळालं."

मला वाटलं ती फणी हातात देईल. ती फणी घेऊन उठली आणि माझ्या मागं खोलीत आली. स्टूल ओढून टेबलाशी बसली, पितळी पट्टीवर हात फिरवला आणि म्हणाली, "लाव बरं. बघू दे कुठं जाणार हाय माझा केस."

मला नाही म्हणता आलं नाही. जुना काळा केस काढला, तिचा पांढरा चिमट्यात धरला आणि पंखाशी नेला. टोक फिरू लागलं. मी बघत नव्हतो तरी मला कळत होतं की ती विमानाकडं बघत नाहीये.

"किती दिवसांपासून हाय हे?" ती म्हणाली.

"काय?"

"मला येडी समजायलास का? उभ्यानं जेवायलास तवापासून बघायले मी."

मी चिमटा खाली ठेवला. हात मांडीवर ठेवला. सांगण्याऐवजी वही पुढं केली. सात, अकरा, सोळा, एकोणीस. आईला शिकलेल्या माणसासारखं वाचता येत नाही, पण आकडे येतात. दादांच्या दुकानात काज करायचं काम तिचं होतं, आणि ती मापाची वही बघूनच ते करायची. तिनं आकड्यांवरून बोट फिरवलं. मग माझ्या मांडीवरच्या हाताकडं बघत राहिली. बराच वेळ. मी हात हलवला नाही.

"आत्ता न्हाई हालायला," ती म्हणाली.

"आत्ता काही करत नाही ना मी."

"तेच सांगायले. तुझ्या दादांचा हात बसल्यावर हालायचा. मांडीवर. टीव्ही बघताना, झोप लागायच्या आधी. कापडाला हात लावला की थांबायचा. सुई धरली की गप. शेवटी शेवटी मीच त्यांच्या हातात चिंधी द्यायचे, हात थांबावा मनून. तुझं उलटं हाय. तुझा कामाला लागला की हालतो."

मला आठवलं. खरंच, मला आठवलं. दादा मशीनवर बसले की मी त्यांचा हात थरथरताना पाहिला नव्हता. नऊ वर्षांच्या आठवणीतून मी फक्त थरथर तेवढी उचलली होती. ती केव्हा होते आणि केव्हा थांबते हे बघितलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला दिसू नये म्हणून मी वही मिटायला घेतली, तोच ती पुढचं बोलली.

"त्यांचं हातापासून सुरू झालं न्हाईच. आधी आकडे बारीक झाले. मापाच्या वहीतले. छाती अडतीस, बाही बावीस, मला दिसंना. मी मनायची, मुंग्या काढायलाव का. वरीसभर तसं चाललं. हात नंतर."

ती उठून गेली. बहुतेक चुलीवर, म्हणजे गॅसवर, काही ठेवलेलं होतं. मी वही पुन्हा उघडली.

कपाटातून मी आठ वर्षांपूर्वीची वही काढली. तीही माझीच, तशीच, मोजमापांची. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, स्केल घेतलं आणि आकड्यांची उंची मोजली. जुन्या वहीत चार मिलिमीटर. वीस ठिकाणी मोजली, सरासरी चार. नव्या वहीत तीन. पुन्हा वीस ठिकाणी मोजली. तीन.

आजवर जेवढा घाबरलो होतो ते काहीच नव्हतं असं त्या क्षणी वाटलं. थरथरीबद्दल शंका घेता येत होती. हा तर आकडा होता, आणि माझ्याच हातानं घेतलेलं माप. बाहेर आई बायकोला काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. मी त्या हसण्याकडं कान लावून बसलो आणि मनात हिशेब चालला होता, नऊ वर्षं अधिक सत्त्याहत्तर, शहाऐंशी. आई शहाऐंशीव्या वर्षी माझ्यासमोर काठी आडवी टाकणार नव्हती. मग बायको टाकेल.

त्या दुपारी बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली. हाताबद्दल नाही, महिनाभर लपवल्याबद्दल. "मी कोण हाय या घरात? केस द्यायलाच का?" दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आम्ही नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांकडं निघालो. दोन्ही वह्या माझ्या पिशवीत होत्या.

दवाखान्यात बाकावर दीड तास बसलो. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांचा अंगठा आणि तर्जनी मांडीवर फिरत होती. त्यांची सून त्यांना बिस्कीट भरवत होती. मी नजर फिरवली. बायकोनं माझ्या हातातल्या वह्या घेतल्या, उघडल्या, बघत राहिली. तिला वह्यांमधलं कळतं. मुलीच्या शाळेपासून घरातल्या सगळ्या वह्या तीच आणते.

"ह्याच्यात काय बारीक झालं?"

"चारचे तीन झाले. मोजलंय मी."

"ह्या वहीच्या रेघाच जवळ हायत की."

"काय?"

"ही बारीक रेघांची हाय. दुकानात त्या टायमाला रुंद रेघांची नव्हती, मनून ही आणली. तुमी दोन रेघांच्या मधी बसवून लिहायलाव, मग आकडा बारीकच येणार."

मी खिशातलं स्केल काढलं. जुन्या वहीत दोन रेघांमध्ये नऊ मिलिमीटर. नव्या वहीत सात. नऊला चार म्हणजे शून्य पॉइंट चव्वेचाळीस. साताला तीन म्हणजे शून्य पॉइंट त्रेचाळीस.

नवीन मुलगा कार्यालयात आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट सांगतो. नकाशा हातात आला की आधी कोपऱ्यात बघ, प्रमाण काय आहे. त्याशिवाय कुठलीही रेघ मोजायची नाही. सव्वीस वर्षं सांगतोय. मी बाकावर बसून हसायला लागलो आणि समोरच्या गृहस्थांच्या सुनेनं माझ्याकडं बघितलं, तेव्हा थांबलो. ते हसण्याचं ठिकाण नव्हतं.

डॉक्टरांनी वह्या बघितल्याच नाहीत. कोऱ्या कागदावर एकच ओळ दहा वेळा लिहायला लावली. अंगठ्यावर तर्जनी आपटायला लावली, उजवी, मग डावी. व्हरांड्यात चालायला लावलं. माझं मनगट धरून कोपरापासून हात दुमडून उलगडून बघितला. हात पुढं करायला लावले आणि त्यावर एक कागद ठेवला. कागद दोन्ही हातांवर सारखाच थरथरला. डावा हात मी एकदाही तपासला नव्हता.

"औषधं कुठली चालू आहेत?"

मी गोळीची चिठ्ठी दिली. त्यांनी ती उजेडात धरली.

"ही दोन वर्षांपूर्वीची आहे. पाच दिवस लिहिलंय. तुम्ही किती घेतल्या?"

रिकाम्या पट्ट्या मी कधीच टाकत नाही. पहाटे निघताना सवयीनं त्या पिशवीत टाकल्या होत्या. दहा गोळ्यांच्या अकरा रिकाम्या, आणि बाराव्या पट्टीतल्या आठ गेलेल्या. एकशे अठरा. एकोणसाठ दिवस. रेघा मोजल्या, केस मोजले, पावलं मोजली, पण ज्या गोळ्या रोज तोंडात टाकत होतो त्यांचा वहीत मी एक आकडाही लिहिला नव्हता.

"दादांचा आजार मला होईल का?" मी विचारलं. 'वडिलांचा' म्हणायचं होतं, दादांचा निघून गेलं.

"आज तो दिसत नाही. तो एका बाजूनं सुरू होतो, तुमचे दोन्ही हात सारखे थरथरतात. ते या गोळीनं, ती बंद करा. छाती दाखवा, भुकटी बंद करा. उद्याचं मी सांगू शकत नाही, कुणीच नाही. वर्षानं या."

बायको जिन्यावर म्हणाली, "झालं, काही न्हाई." मीही म्हटलं, काही नाही. पण "आज" हा शब्द मी ऐकला होता आणि तिनंही ऐकला होता. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत राहिलो.

तीन आठवड्यांनी दहा रेघांमध्ये तीन वेळा लागलं. पाचव्या आठवड्यात दोनदा. एक्कावन्न वर्षांच्या हाताला दोन चालतात. तोंडाला ओला रुमाल बांधून पावलं पुन्हा केली, सरळ भोकं, सात मिलिमीटर अंतरावर, आणि भुकटीचं काम तिथं संपवलं. काळे केस सगळे काढले आणि आईचे बावीस बसवले. लाल थेंब खरवडून काढता आला असता. काढला नाही, वर थोडी रांगोळी टाकली. आता तो फक्त मला माहीत आहे. उरलेले केस बायकोनं मोजून परत पिशवीत घातले.

विमान बैठकीत टीव्हीशेजारी ठेवलंय. येणारा माणूस कापसाचं रान समजतो, मग त्याला सांगावं लागतं. संध्याकाळी आई आणि मी बातम्या बघतो. मी खुर्चीत, ती दिवाणावर. कधी कधी मध्येच माझी नजर खाली जाते, उजव्या हाताकडं, मांडीवर ठेवलेल्या. तो स्वस्थ असतो. मी मिनिटभर बघतो आणि वर बघतो, तर आईही तिथंच बघत असते.

मग ती निवडायला घेतलेलं मुगाचं ताट माझ्याकडं सरकवते. "खडे बघ जरा," म्हणते. "तुझी नजर बारीक हाय." मी ताट मांडीवर घेतो आणि हाताला काम लावतो, आणि लावल्या लावल्या मनात येतं की आता तो बसल्यावर काय करतो हे आम्हाला दोघांनाही दिसणार नाही.